पाहिलं, ऐकलं, वाटलं

देवरे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाशिकच्या द्वारका चौकातल्या सिग्नलला रिक्षात अडकले होते. पलीकडून अश्विनी, सरांची मुलगी, म्हणाली, "मेघाताई, बाबा गेले." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कोण म्हणालं?"

मग ती रडता रडता हसली. "अहो, मीच म्हणतेय. त्यांच्या उशाशी बसलेय. मी पाहिलं." थोडं थांबून म्हणाली, "त्यांना आवडला असता हा प्रश्न."

मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि विचारलं, "काय झालं मॅडम?" सांगायचं तरी काय? ज्या माणसाने मला विचारायला शिकवलं, त्याच्या मरणालाही मी पुरावा मागितला. आणि त्याआधीचे सात महिने मी त्यांच्या घराची पायरी चढले नव्हते. ते का, ते पुढे येईलच.

सरांची नि माझी ओळख द्वारकेजवळच्याच आमच्या कचेरीतली. खाली ट्रकच्या सुट्या भागांची दुकानं, वर पहिल्या मजल्यावर आमचं दैनिक. हातोड्यांचे आवाज आणि हॉर्न यांच्यात आम्ही जिल्ह्याचं पान लावायचो. ते पान संध्याकाळी सहाला जायचं, म्हणजे दुपारी तीन ते सहा या वेळात नाशिक जिल्ह्यात जे काही घडलं असेल ते सगळं सरांच्या टेबलावर येऊन पडायचं. सर जिल्ह्याच्या पानाचे प्रमुख. प्रमुख म्हणजे त्यांच्या हाताखाली मी आणि एक डुगडुगणारा पंखा.

मी बावीस वर्षांची होते. भाषा चांगली, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा समज. पहिल्या दिवशी मी एक बातमी लिहून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, टोक पाहिलं, आणि प्रत्येक वाक्याच्या डोक्यावर एक अक्षर लिहीत गेले. पा. ऐ. ऐ. वा. वा. ऐ. वा... असं शेवटपर्यंत.

"हे काय सर?"

"पा म्हणजे पाहिलं. ऐ म्हणजे ऐकलं. वा म्हणजे वाटलं. तुझ्या बातमीत बारा वाक्यं आहेत. सात तुला वाटली आहेत."

"पण सर, ते खरंच तसं आहे."

"असेलही. कशावरून?"

हा त्यांचा धंदाच होता म्हणा ना. समोर कागद आला की ही तीन अक्षरं. 'पा' तसंच राहायचं. 'ऐ'च्या खाली, कुणाकडून ऐकलं त्याचं नाव लिहावं लागायचं, आणि त्या माणसाने ते कुठून आणलं हेही. 'वा' खोडलं जायचं. मी एकदा चिडून म्हणाले की माणसाला काही वाटूच नये का? सर म्हणाले, "वाटू दे की. वाटण्यात वाईट काही नाही. पण 'वाटलं' हे 'पाहिलं'चे कपडे घालून आलं, की ते मला चालत नाही."

सगळा कागद तपासून झाला की तळाला ते एकच अक्षर मोठं लिहायचे, अख्ख्या बातमीला मिळून. बहुतेकांना तिथे 'ऐ' मिळायचं. बातमी पूर्ण असेल, स्वतः जाऊन आणलेली असेल, विचारायचं काही राहिलं नसेल, तरच खाली 'पा'. आमच्या लासलगावच्या बातमीदाराला, भास्कररावांना, पंधरा वर्षांत असं 'पा' दोनदा मिळालं होतं. त्यातला एक कागद त्यांनी घडी घालून पाकिटात ठेवला होता, बायकोच्या फोटोमागे. मला अकरा वर्षांत एकदाही मिळालं नाही. "तुझं सगळं बरोबर असतं मेघा," सर म्हणायचे, "पण एक प्रश्न राहतो. नेमका मुख्य."

हे भास्करराव म्हणजे भला माणूस, पण शब्दांना सैल. एकदा बाजार समितीत लिलाव बंद पडले. त्यांनी फोनवरून बातमी सांगितली, "शेतकऱ्यांमध्ये संतापाची लाट." सरांनी फोनचा स्पीकर लावला, मला ऐकू यावं म्हणून.

"भास्करराव, लाट तुम्ही पाहिली?"

"सर, लय चिडलेत लोक इथं."

"किती जणांशी बोललात?"

"चौघांशी."

"चौघंही चिडले होते?"

पलीकडे जरा चुळबूळ. "तिघं. चौथा म्हनला, मला घाई नाय, मी उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी छापून आलं ते असं, की तीन शेतकरी, त्यांची नावं, त्यांची गावं, ते काय म्हणाले. आणि चौथे शेतकरी म्हणाले की मला घाई नाही. भास्करराव दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. पण त्या चौथ्या माणसाला त्याच्या गावात लोक 'घाई नाय' अशीच हाक मारायला लागले, आणि तो स्वतः कचेरीत येऊन सरांना पेढे देऊन गेला. म्हणाला, "आजवर पेपरात माझं म्हणणं कधी आलंच नव्हतं." सर त्या दिवशी इतके खूश होते की पंख्याकडे पाहून हसत होते.

माझी फजिती मालेगावची. एका दुपारी बातमी आली, की तिथे पाण्याच्या टाकीची भिंत कोसळली आणि चार बायका खाली अडकल्या. मी शहाणपणा करून तिघांना फोन लावले. एक सुताचा व्यापारी, एक रिक्षा संघटनेचा माणूस, एक शाळामास्तर. तिघांची एकमेकांशी ओळखदेखील नाही. तिघंही म्हणाले, हो, चार बायका. मी ऐटीत कागद सरांपुढे ठेवला. आज खाली 'पा' पडणार अशी माझी खात्री होती.

"या तिघांना कोणी सांगितलं?"

ते मी विचारलं नव्हतं. परत फोन लावले. तिघांच्याही मोबाइलवर एकच आवाज आला होता, कुठल्या तरी माणसाचा घाबराघुबरा निरोप, तो कोण हे तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. सरांनी मग त्या टाकीच्या समोर राहणाऱ्या एका शिंप्याचा नंबर शोधून काढला. त्याला म्हणाले, "भाई, जरा खिडकीतून बघून सांगा, काय दिसतंय." तो म्हणाला, "टाकी तो खडी है साहब. बाजूची शेड पडली. एक बकरी अटकली होती, निकाली उसको."

"तोंडं मोजू नकोस," सर मला म्हणाले. "पहिलं तोंड कुठलं ते शोध."

दुसऱ्या दिवशी एका पेपरात चार बायका आल्या होत्या. मी तो पेपर नाचवत सरांकडे गेले, की बघा, आपण वाचलो. त्यांनी तो बाजूला ठेवला. "ज्यांच्या बायका, मुली त्या भागात कामाला जातात, ते घरचे हे वाचून कसे पळाले असतील?" एवढंच म्हणाले. मला तेव्हा ते बोलणं उगाच जड वाटलं. आपण बरोबर ठरल्याचा आनंद त्या माणसाला कधी घेताच आला नाही.

आणि सर म्हणजे नुसते शंकासुर, असं ज्यांना वाटतं त्यांना मी सुरगाण्याच्या आजीची गोष्ट सांगते. द्राक्षांच्या हंगामात मजूर घेऊन येणारी एक पिकअप घाटात उलटली. पोलिसांच्या पत्रकात होतं, अकरा जण जखमी. सगळ्या पेपरांकडे तेच पत्रक. आमच्या कचेरीत मात्र एक म्हातारी आली, कुणीतरी जिन्यापर्यंत सोडलेली. म्हणाली, गाडीत चौदा माणसं होती, तिघं सापडत नाहीत. पोलीस ऐकेनात. आमचे संपादकही म्हणाले, एका अडाणी बाईच्या शब्दावर सरकारी पत्रक खोटं कसं ठरवायचं?

सरांनी तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "आजी, चौदाच कशावरून?"

"भाकरी बांधल्या मी. एकेकाला एक. चौदा बांधल्या, पंधरावी नाय उरली."

सर संपादकांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं, मी ऐकत होते. "ज्याने पत्रक लिहिलं त्याने ती गाडी रिकामी झाल्यावर पाहिली," सर म्हणाले. "हिने भरताना पाहिली. आणि हिला खोटं बोलून काय मिळणार आहे? एकटीने पाहिलं म्हणून कमी पाहिलं का?" आम्ही दोन्ही आकडे छापले, पत्रकाचा आणि आजीचा, भाकऱ्यांसकट. दुसऱ्या दिवशी ते तिघं दुसऱ्याच दवाखान्यात सापडले, कुणीतरी आपल्या जीपमधून नेऊन सोडले होते. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की सर शंका घेत नव्हते, ते माणसाकडे नीट बघत होते. आजीचं म्हणणं उतरवलेल्या कागदावर त्यांनी खाली भलंमोठं 'पा' लिहिलं होतं. मला तिचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

घरी मात्र या माणसाचं काही चालत नव्हतं. सरांचं घर इंदिरानगरमध्ये, दुसरा मजला, पुढे छोटी गॅलरी. दोघं नवरा-बायको मूळचे सटाण्याकडचे, त्यामुळे आपसात अहिराणी, 'आहे'ला 'शे' म्हणणारी. विमलकाकूंना पुराव्याचं वावडं होतं. मी जेवायला गेले की त्या वाढता वाढता ठासून सांगायच्या, की या अख्ख्या कॉलनीत वांग्याची भाजी फक्त मलाच जमते. सर ताटातून मान वर न करता विचारायचे, "कोनी सांगं?"

"मी सांगस," काकू म्हणायच्या. "बस शे ना?"

"बस शे." आणि सर मुकाट जेवायचे. क्वचित म्हणायचे, "खारट शे," की काकू त्यांच्या हातातली वाटी काढून घ्यायच्या. काकू सांगतील ते सर मानायचे. शेजारणीला दिवस गेलेत, उद्या पाऊस येणार, अश्विनीला तो मुलगा पसंत नाही, सगळं. कधी एक उलट प्रश्न नाही. मी एकदा थट्टेने म्हणाले, "सर, काकूंच्या बोलण्यावर पेन्सिल चालवा की." तर म्हणाले, "जगात एक तरी माणूस असं पाहिजे, ज्याचं तपासावं लागत नाही. नाहीतर दमून जाईल माणूस."

निवृत्त झाल्यावर सर गॅलरीत बसून रोजचे पेपर तपासायचे. पा, ऐ, वा. कुणाला दाखवायचं नाही, काही नाही, नुसतं सवयीनं. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी लसूण-मधाचा काढा टाकला, कुणी जग बुडण्याची तारीख टाकली, की सरांचा एकच निरोप, 'कोण म्हणालं?' चार महिन्यांत त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं. काकूंनी मला फोन करून सांगितलं तेव्हा हसून हसून त्यांना ठसका लागला होता.

त्याच फोनमध्ये काकू जाता जाता म्हणाल्या होत्या, "यांचं हल्ली जरा विसरभोळं झालंय गं. परवा दूध आणायला गेले आणि दुकानातून मलाच फोन, की मी कशाला आलोय." मी म्हणाले, वयोमानानं होतं. हे माझं 'वा' होतं. मी काहीही पाहिलेलं नव्हतं. नंतर कळलं की काकू दोन वर्षं त्यांचं सगळं सांभाळून नेत होत्या. कुणाचं नाव आठवेना झालं की मागून हळूच सांगायच्या, आणि बाहेर कुणाला पत्ता लागू देत नव्हत्या.

मग एका सकाळी मेथी निवडताना काकू बसल्या जागी कलंडल्या. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. अमरधाम स्मशानभूमीत मी सरांच्या शेजारी उभी होते. तिथल्या कारकुनाने अर्ज पुढे केला आणि विचारलं, "मृत्यूची वेळ? अंदाजे सांगा."

"अंदाजे नाही," सर म्हणाले. "सात पस्तीस. मी घड्याळ पाहिलं."

आणि त्यांनी अर्ज स्वतःच्या हाताने भरला. त्या दिवशी त्यांना सगळं नीट आठवत होतं. वळणदार अक्षर, एकही खाडाखोड नाही. 'माहिती देणाऱ्याचे नाव व सही' या रकान्यात सही केली, आणि पेन कारकुनाला परत दिलं.

त्यानंतर वर्षभरातच सरांचं विसरणं वाढत गेलं. अश्विनी शाळेत शिकवते. ती आपलं घर बंद करून नवऱ्यासह बाबांकडे राहायला आली. आणि एक दिवस तिचा मला फोन आला, "मेघाताई, तुम्ही याल का? मला एकटीला आता झेपत नाही."

मी गेले तेव्हा सर हॉलमध्ये बसले होते. मला ओळखलं. "ये मेघा. पान गेलं का?" म्हणाले. मी म्हणाले, गेलं सर. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "विमल कुठे आहे?"

अश्विनी त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसली. "बाबा, आई गेली. दीड वर्ष झालं."

"कोण म्हणालं?"

तिने भिंतीवरचा हार घातलेला फोटो दाखवला. सर म्हणाले, "हार कोणीही घालू शकतो. फोटोवरून काय कळतं?" तिने महापालिकेचा दाखला आणला. त्यांनी तो नीट वाचला, मागून पुढून पाहिला. "हा शिक्का खरा आहे. पण महापालिकेला कुणी सांगितलं? ते काही पाहायला आले नव्हते." बोलण्यात राग नाही, हट्ट नाही. द्वारकेच्या त्या टेबलावर बसून बोलायचे तसंच. मग अश्विनीने फायलीतून तिसरा कागद काढला. अमरधामच्या अर्जाची झेरॉक्स. तिचा हात असा संथ चालत होता की माझ्या लक्षात आलं, ही हे रोज करते.

सरांनी चष्मा पुसला. रकान्यावर बोट ठेवून वाचत गेले. "सात पस्तीस." बोट खाली सरकलं. "ही सही माझी आहे."

"हो बाबा."

बराच वेळ ते त्या सहीकडे बघत राहिले. "मग खरं असणार," ते म्हणाले. "हा माणूस न पाहता लिहीत नाही."

आणि ते रडायला लागले. मी सरांना तसं कधी पाहिलं नव्हतं, काकू गेल्या तेव्हाही नाही. बातमी त्या क्षणी आली होती त्यांच्यासाठी. अश्विनीने त्यांना कुशीत घेतलं, थोपटलं, तोंड पुसलं, थोडा चहा पाजला. तासाभराने ते शांत झाले, बाहेर गॅलरीत जाऊन बसले. मग आत वळून म्हणाले, "अश्विनी, तुझी आई कुठे आहे गं? एवढा उशीर?"

"दिवसातून तीनदा, कधी चारदा," अश्विनी स्वयंपाकघरात मला म्हणाली. "रोज मरते माझी आई या घरात."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की दर वेळी खरं सांगू नका, बोलणं दुसरीकडे वळवा. अश्विनीने ते करून पाहिलं होतं. आई सटाण्याला मामांकडे गेलीय, असं सांगितलं. पण सरांपुढे ते टिकेना. कोणत्या गाडीने गेली? तू सोडायला गेली होतीस का? मग तुला कोणी सांगितलं? नवऱ्याने? त्याने पाहिलं का? तीन प्रश्नांत अश्विनीची फे फे उडायची, आणि सर काळजीने उठून चपला घालायचे, पोलिसांत जातो म्हणायचे. शेवटी तिला फाईल काढावीच लागायची. त्या माणसाचं सगळं पुसलं जात होतं, मुलीचं लग्न, स्वतःचं वय, सकाळ की संध्याकाळ. विचारायचं कसं, तेवढं मात्र शाबूत राहिलं होतं.

"तुम्ही सांगा त्यांना," अश्विनी म्हणाली. "आईला सटाण्याला जाताना तुम्ही पाहिलं म्हणून सांगा. तुमचं ते ऐकतील."

मी नाही म्हणाले. अगदी पटकन नाही म्हणाले. "त्यांच्याशी मी खोटं नाही बोलू शकत गं. इतर कुणाशीही बोलेन."

तिने फाईल माझ्या हातात दिली. "मग तुम्ही तुमचं तत्त्व सांभाळा. आता परत विचारतील ना, तेव्हा हा कागद तुम्ही दाखवा. मी जरा बाहेर जाऊन येते."

मी ती फाईल उघडू शकले नाही. टेबलावर ठेवून दिली.

दोन दिवसांनी दुपारी मी तयारी करून गेले. तयारी म्हणजे काय, आयुष्यात कुठल्या बातमीसाठी केली नसेल इतकी. सीबीएस बसस्थानकावरून सटाण्याच्या गाड्या किती वाजता सुटतात ते पाहून ठेवलं. काकूंची हिरवी इरकल साडी, स्टीलचा तीन पुडांचा डबा, सगळं मनात पक्कं केलं. खोटं असलं तरी त्यात एकही सैल शब्द नको होता.

सर गॅलरीत बसले होते, मांडीवर पेपर, हातात पेन्सिल. मी समोर बसले. विचारायची वाट पाहिली नाही.

"सर, काकू सटाण्याला गेल्या."

"कोण म्हणालं?"

"मी पाहिलं."

त्यांनी मान वर केली. "कुठे?"

"जुन्या सीबीएसवर. सकाळी. मी माझ्या कामाला गेले होते तिथे."

"कोणती गाडी?"

"सटाण्याचीच. पाटी वाचली मी."

"कुठे बसली होती?"

"खिडकीशी. पुढून तिसरी रांग."

सरांचा चेहरा जरा सैलावला. "तिला गाडी लागते. खिडकीशीच बसते ती. काही बोलली?"

"म्हणाल्या, त्यांना सांग, वांग्याची भाजी करून ठेवलीय. आणि खारट शे म्हणून नावं ठेवू नका."

सर हसले. केवढे हसले. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी असं हसलं असेल. आतून अश्विनी धावत दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. सरांनी पेपरच्या कडेला, कोऱ्या जागेत, बारीक अक्षरात लिहिलं: 'विमल सटाण्याला. सकाळी, सीबीएस. खिडकीशी.' त्याखाली लिहिलं, 'मेघा.' मग पेन्सिलचं टोक पाहिलं, आणि सगळ्याच्या तळाला एक मोठं अक्षर काढलं.

पा.

"आज पहिल्यांदा पूर्ण बातमी आणलीस," ते म्हणाले.

अकरा वर्षं मी त्या अक्षरासाठी जीव टाकला होता. पुढे संपादक झाले, दोनचार बक्षिसंही मिळाली, पण ते अक्षर मिळालं नाही याची रुखरुख होतीच. आणि ते मिळालं तेव्हा मला ते हाताने पुसून टाकावंसं वाटलं. मी उठले, पाया पडले, कसाबसा जिना उतरले.

तो कागद अश्विनीने कापून ठेवला. सर विचारायचे, विमल कुठे आहे, की ती तो पुढे करायची. ते आपलं अक्षर ओळखायचे, वाचायचे, म्हणायचे, "हां, मेघाने पाहिलंय," आणि पुन्हा पेपरात डोकं घालायचे. अमरधामची ती फाईल परत काढावी लागली नाही. असे सात महिने निघाले, शेवटच्या सकाळपर्यंत. अश्विनी मला दर आठवड्याला फोन करायची, या ना, आठवण काढतात. मी आज येते, उद्या येते करत राहिले. काम आहे म्हणाले, तब्येत बरी नाही म्हणाले. सगळी कारणं खोटी. मला भीती वाटत होती.

कारण त्या दुपारी मी जिना उतरून खाली रस्त्यावर आले, रिक्षाला हात केला, तेवढ्यात वरून हाक आली. "मेघा!" मी वर पाहिलं. सर गॅलरीच्या कठड्यावर ओणवे झाले होते, हातात तो पेपर, चष्मा नाकावर घसरलेला.

"परत कधी येणार म्हणाली?"

गाड्या, साडी, डबा, खिडकी, सगळं मी जुळवून नेलं होतं. हे नव्हतं नेलं. रिक्षावाला म्हणाला, "चला ना मॅडम."

"विचारायचं राहिलं, सर," मी म्हणाले.

ते रागावतील असं मला वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली, माझ्या कागदांवर वर्षानुवर्षं हलवायचे तशी.

"असू दे," ते वरून म्हणाले. "ती आली की मीच विचारतो."

आणि चष्मा वर सरकवून ते परत खुर्चीत जाऊन बसले, रस्त्याकडे तोंड करून.